तेल सुकेपर्यंत

बोगोतात, हिमेनेस रस्त्यावर,
तिसऱ्या मजल्यावर माझी खोली.
खाली चौकात माणसं उभ्याउभ्या सौदे करतात,
पांढऱ्या कागदाच्या पुडीत लाखाचा माल,
फुंकर घातली तर उडेल एवढा.
मी तेल घालते.
पाचूला. दिव्यात नव्हे.

पाचूला भेगा असतातच.
आम्ही त्यांना बाग म्हणतो,
विकणारे जरा जास्तच मोठ्यानं म्हणतात.
या बागेला देवदाराचं तेल लागतं,
मंद आचेवर कोमट केलेलं,
आणि वाट बघणं.
रात्रभर. कधी तीन रात्री.
घाई केली की दगड तडकतो,
मागोमाग गिऱ्हाईक.

मंगळवारी तेओफिलो कान्योन आले,
उबातेहून, पहाटेच्या बसनं,
बुटांना अजून गोठ्याचा वास.
रुमालाच्या चार गाठी सोडल्या.
आत अंगठी, अंगठीत पाचू,
पाचूवर साय धरल्यासारखी.

"एर्मेलिंदा गेली," ते म्हणाले,
"आणि याचा रंग उतरला.
दोन दुभत्या गाई देऊन घेतला होता
कोस्कुएसच्या एका खाणवाल्याकडून,
त्याच्या नखांतली काळी माती ओली होती अजून.
लोक म्हणतात, पाचूला आपली धनीण कळते.
चिकिनकिराच्या माउलीपुढे ठेवून आणला.
काही फरक नाही.
दगड सुतकात आहे, बाई."

मी भिंग डोळ्याला लावलं.
खिडकीत ठेवला असणार,
तिच्या फोटोशेजारी, मेणबत्तीशेजारी.
डोंगरातलं कोरडं ऊन, पाचसहा महिने.
तेल उडून गेलं, एवढंच.
हे मला पहिल्या नजरेतच दिसलं
आणि यातलं एक अक्षर मी बोलले नाही.

माझे वडील मिनेरो नदीच्या काळ्या गाळात
कमरेपर्यंत उभे राहून खोरं चालवायचे.
हिरवा ठिपका दिसला की आधी टोपी काढायचे,
मग हात घालायचे.
बहुतेक वेळा बाटलीची काच निघायची.
टोपी तरी काढलेली असायची.

म्हणून मी फक्त जपणूक सांगितली,
जी सगळ्यांना सांगते:
कढत पाण्यात घालू नका,
भांडी घासताना काढून ठेवा,
सोनाराच्या थरथरणाऱ्या यंत्रात तर मुळीच नाही.
ऊन नको, चुलीची धग नको.
मऊ सुती फडकं, कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं, बास.
आणि हिऱ्यांबरोबर एका डबीत कोंडू नका, ओरखडे पडतात.
"हिरे!" ते म्हणाले,
आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मग आवाज उतरवून,
पाद्र्याच्या जाळीपाशी बोलतात तसं विचारलं,
"पुन्हा हिरवा झाला तर
हा तिला विसरला, असं होईल का?
एक भेग तशीच ठेवता येईल?
एकच. कडेची."

तेलाला सांगता येत नाही,
इथे जा, तिथे जाऊ नको.
जिथे वाट मिळेल तिथे ते शिरतं.
मी तसं सांगितलं.
ते रुमालाला पुन्हा गाठ मारू लागले.

"पण ते टिकत नाही," मी म्हणाले.
हे वाक्य मी नेहमी शेवटी बोलते,
पैसे मोजून झाल्यावर,
जरा खालच्या पट्टीत.
"दोन-तीन वर्षांनी तेल सुकतं."
"मग पुन्हा पांढरा पडेल?"
"पडेल."
"नक्की?"
इतक्या आशेनं हे मला
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"नक्की. तेव्हा घेऊन या."

त्यांनी गाठ सोडली.
अंगठी माझ्या तळहातावर ठेवली,
आधी टोपी काढून.